काचेला बोटं नसतात

अशी कल्पना करा, की तुम्ही काचेच्या दुकानात जन्माला आलात. खाली दुकान, वर घर आणि मधे एक लाकडी जिना. भिंतींना टेकून काचा उभ्या आहेत. साध्या, दुधी, रंगीत, काही तुमच्यापेक्षा उंच. त्यांच्यामधून चालायला जेमतेम एका माणसापुरती वाट. अशा घरात वाढलं की काही गोष्टी आपोआप अंगवळणी पडतात. धावायचं नाही. अनवाणी हिंडायचं नाही. आणि लागलं तर बोभाटा करायचा नाही. बोट कापलं? फडताळातला डबा काढायचा, जखम धुवायची, औषध लावायचं, पट्टी बांधायची आणि कामाला लागायचं. ‘कसं लागलं?’ असं त्या घरात कुणी कुणाला विचारत नसे. विचारायचं काय त्यात? काचेचं दुकान, काचच लागली असणार.

सवय तशी वाईट नव्हती. पण त्या घराचा घात तिनेच केला.

घरात दोन बहिणी. थोरली शाळेच्या शेवटच्या वर्षाला, आणि धाकटी तिच्यापेक्षा बरीच लहान, अजून दुधाचा एक दात हलत असलेली. लहानपणी खेळात तिला नेहमी लिंबू-टिंबू म्हणून घ्यायचे, म्हणजे पळायचं तेवढं, पण बाद झाली तरी धरायचं नाही. त्यातलं लिंबू कधीतरी गळून पडलं आणि टिंबू मागे उरलं. आता तिला घरीदारी सगळे टिंबूच म्हणत. टिंबूला सायकल शिकवली ती ताईने. भागाकार शिकवला ताईने. अंधारात जिना चढताना मोठ्याने गाणं म्हणायचं, म्हणजे भीती वाटत नाही, हेही ताईनेच शिकवलं.

तीच ताई गेल्या काही महिन्यांत गाणं विसरली होती.

सुरुवात झाली कॅप्टनपासून. तो ताईपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा, बास्केटबॉलच्या संघाचा कप्तान, म्हणून कॅप्टन. उंच, हसरा, बोलण्यात गोड. दुकानात आला की आधी बाबांना वाकून नमस्कार करायचा, मग न सांगता हातमोजे चढवून काचेचं दुसरं टोक धरायचा.

“पोरगा कामाचा आहे,” बाबा म्हणायचे. “नाहीतर हल्लीची मुलं! फोन सोडून काही उचलतील तर शपथ.”

आई दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. तिला तो एवढा पसंत नव्हता. “फारच गोड बोलतो,” एवढंच ती म्हणायची, आणि बाबा म्हणायचे, “तुला कडू बोलणारा हवाय का?”

टिंबूला मात्र तो आला की तिथून निघून जावंसं वाटायचं. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. तो तिच्या डोक्यावर थोपटायचा, पण हात उचलायला जरा उशीर करायचा. त्याच्या अंगाला एक वास असे, फळांच्या गोळ्यांसारखा, आणि त्या गोडव्याच्या खाली दुसराच काहीतरी आंबूस. तोच वास मग ताईच्या ओढणीला यायला लागला, नंतर तिच्या केसांना, आणि एका संध्याकाळी तिच्या तोंडाला. त्या दिवशी ताई भडाभडा ओकली. टिंबूने न्हाणीघराची फरशी पुसली आणि आईला सांगितलं, की ताईला बाहेरचं खाणं बाधलं. तसं सांग म्हणून ताईनेच विनवलं होतं. “माझी शपथ आहे तुला,” असं म्हणाली होती. टिंबूने शपथ घेतली. ताईची शपथ मोडली तर ताईला काहीतरी होतं, अशी तिची खात्री होती.

शनिवार होता. आई कामावर. दुकानात बाबा होते आणि एक गिऱ्हाईक, कोपऱ्यावरच्या काकू. त्यांना कपाटाच्या दारासाठी आरसा हवा होता.

“मागचा आरसा चांगला नव्हता हं,” काकू म्हणत होत्या. “त्यात मी भलतीच जाड दिसायचे.”

“बदलून देतो काकू,” बाबा म्हणाले, “पण हाही आरसाच आहे. खोटं बोलायला शिकलेला नाही.”

काकू खो खो हसल्या. टिंबूही हसत हसत जिना चढून वर गेली, आणि वरच्या खोलीच्या दारातच थबकली.

ताई खिडकीजवळ पाठमोरी उभी राहून पाण्याच्या बाटलीतून पीत होती. पाणी पिताना माणूस डोळे गच्च मिटून घेत नाही. पिऊन झाल्यावर असं अंग झाडत नाही. तिने बाटली दप्तरात कोंबली आणि कपडे बदलायला लागली. बाहेर रणरणतं ऊन, आणि ताई लांब बाह्यांचा जाड सदरा घालत होती. बाही वर सरकली तेव्हा टिंबूला तिचं मनगट दिसलं.

“हे काय?”

ताई दचकली. “केवढ्याने ओरडतेस! काही नाही. काच लागली.”

“कुठली?”

“अगं, खालची. फ्रेम उचलताना.”

दुसऱ्या कुठल्या घरातली मुलगी गप्प बसली असती. पण टिंबू काचेच्या दुकानातली होती. काचेने लागलेलं ती डोळे मिटूनही ओळखू शकली असती. काच रेघ मारते. बारीक, सरळ, लाल रेघ. ताईच्या मनगटावर रेघ नव्हतीच. वरच्या बाजूला एका ओळीत चार डाग होते, निळे, कडेने पिवळट, आणि आतल्या बाजूला एकच, जरा मोठा.

“काचेला बोटं असतात का गं?” टिंबू म्हणाली.

ताई खाटेवर बसली. बराच वेळ ती बाहीची गुंडी लावत आणि काढत राहिली.

“तो प्यायला की असं करतो,” ती शेवटी म्हणाली. “एरवी नाही करत.”

“मग तू कशाला पितेस?”

“आधी मजा म्हणून. सगळेच घेत होते, तो म्हणाला, तू काय बाळ आहेस का. आता…” ताईने दप्तराकडे पाहिलं. “आता न घेता त्याच्यासमोर बसवतच नाही. थोडं पोटात असलं की भीती जरा लांब जाते. पण मग मला काही उमजत नाही, टिंबू. मागच्या वेळचं अर्धं मला आठवतच नाही. मी नको म्हणाले होते, असं मला वाटतंय. तो म्हणतो, नव्हतीस म्हणाली.”

कशाला नको, ते टिंबूने विचारलं नाही. ताईचा आवाज असा झाला होता, की पुढचं विचारायची तिला छातीच झाली नाही.

“आजही तो येणार आहे?”

“येईलच आता. मैदानामागे ती नवी इमारत आहे ना, बाबांनी जिन्याला निळ्या काचा बसवल्या ती, तिथे त्याच्या मित्राचं घर आहे. सगळ्यात वरच्या मजल्यावर. घरचे परगावी गेलेत.”

“मग जाऊ नकोस!”

“नाही गेले तर तो व्हिडिओ सगळ्यांना पाठवेल. शाळेत, बाबांना, सगळ्यांना. मी प्यायलेली आहे त्यात. जमिनीवर पडलेय, बरळतेय.”

“आपण बाबांना सांगू. आधीच सांगू.”

“टिंबू!” ताईने तिचे दोन्ही खांदे धरले. “बाबा पहिला प्रश्न कुठला विचारतील, सांग बरं? ‘तू प्यायली होतीस?’ आणि मी प्यायले होते. एकदा हो म्हटलं की पुढचं कोण ऐकणार? तोंड उघडायचं नाही. शपथ घेतलीयस तू.”

तेवढ्यात खालून आवाज आला, “नमस्कार काका! द्या ते टोक, मी धरतो.”

ताईने आरशात पाहून तोंडावर हसू आणलं. दिव्याचं बटण दाबावं तसं ते आलं. ती खाली उतरली, मागोमाग टिंबू.

“अरे वा, निघाली स्वारी?” बाबा म्हणाले. “पिक्चरला का?”

“हो बाबा.”

“काळजी नको काका,” कॅप्टन म्हणाला. “घरी सोडायची जबाबदारी माझी.” त्याने ताईचं मनगट धरलं, बाहीवरूनच, अगदी लाडाने धरावं तसं. ताईच्या तोंडावरचं हसू होतं तिथेच राहिलं, पण तिच्या नाकपुड्या पांढऱ्या पडल्या. दुकानात बाबा होते, काकू होत्या, सगळीकडे आरसे होते, आणि तरी ते दिसलं एकट्या टिंबूला. मग कॅप्टनने तिच्याकडे पाहिलं. तिला दिसलं, हे त्याला कळलं होतं.

तो वाकला आणि त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. “टिंबूला काय आणू? टिंबू शहाणी आहे. टिंबू कुणाला काही सांगत नाही. हो ना?”

तिने मान हलवली, आणि ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे तिचं तिलाच कळलं नाही.

ती दोघं गेली. दारावरची घंटी वाजली आणि थांबली.

“छान जोडी दिसते,” काकू म्हणाल्या.

टिंबू टेबलाजवळ गेली. टेबलावर जाड लोकरी कापड पसरलेलं होतं आणि त्यावर काकूंचा मोठा आरसा उताणा पडला होता. बाबांनी लाकडी पट्टी बसवली आणि कटर हातात घेतला. बाबा त्याला अजून जुन्या शब्दाने हिरकणीच म्हणत. आणि हिरकणी काचेवर टेकली की दुकानात बोलायचं नाही, हा त्या दुकानातला सगळ्यात कडक नियम होता. रेघ एका दमात ओढायची असते. मधे हात अडखळला की काच भलत्याच वाटेने फुटते. आई असो, गिऱ्हाईक असो, फोन वाजो, रेघ पुरी होईपर्यंत सगळे मुके. टिंबूने जन्मापासून हा नियम कधी मोडलेला नव्हता. कुणीच मोडलेला नव्हता.

हिरकणी टेकली. करकर आवाज सुरू झाला.

रेघ संपेपर्यंत थांबू, टिंबूने ठरवलं. मग तिला आठवलं, आरशाला चार बाजू. त्यानंतर कडा घासायच्या. त्यानंतर काकू पुन्हा गप्पा मारणार. तोवर ती दोघं मैदान ओलांडून जातील, जिना चढतील, दार लागेल. तिच्या डोळ्यांसमोर ते दारच आलं, आणि दारापलीकडचं काही दिसेना. शपथ मोडली तर ताईला काहीतरी होतं. आणि नाही मोडली तर?

“बाबा!”

हात अडखळला. आरशातून टक् असा आवाज आला आणि एक तडा तिरका तिरका जात कोपऱ्यापर्यंत पोचला.

“अगं बाई, माझा आरसा!” काकू किंचाळल्या.

बाबांनी मान वर केली. रागापेक्षा त्यांना नवलच जास्त वाटत होतं. “टिंबू? काय झालं तुला? हिरकणी चालू असताना…”

“ताईच्या हाताला लागलंय.”

“मग? डबा आहे ना वर. पट्टी लाव म्हणावं.” बाबा आरशाकडे वळले. “एवढ्यासाठी ओरडलीस? काच लागली असेल.”

काच लागली असेल! टिंबूला रडू फुटायच्या बेतात होतं. कसं सांगायचं? तिने पुढे होऊन बाबांचं जाडजूड मनगट आपल्या दोन्ही हातांत धरलं आणि सगळा जोर लावून आवळलं. “असं लागलंय बाबा. इथे चार आणि इथे एक. काच असं धरते का?”

बाबा आपल्या मनगटाकडे बघत राहिले. मग त्यांनी दाराकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू राखेसारखा होत गेला.

“कोणी?” ते म्हणाले, पण उत्तर त्यांना आलेलं होतं.

मग टिंबूने सगळं सांगितलं. एकातून दुसरं, जसं येईल तसं. बाटली, ओकारी, व्हिडिओ, निळ्या काचांची इमारत. काकू तोंडाला पदर लावून ऐकत होत्या.

“ती पिते?” बाबा ओरडले. “माझी मुलगी? दारू?”

हाच तो पहिला प्रश्न. ताई म्हणाली होती तस्साच. टिंबूला धडकी भरली. वाटलं, संपलं, आता पुढचं कुणी ऐकणार नाही.

काकूंनी पदर खाली घेतला. “आरशाचं राहू दे,” त्या म्हणाल्या. “आणि दारूचंही राहू दे. पोरीला आधी घेऊन या.”

बाबांनी ताईला फोन लावला. तो वाजत राहिला. मग आईला लावला. आईला चार वाक्यांत कळलं. तिचा आवाज फोनबाहेर टिंबूलाही ऐकू येत होता. “मी निघाले. तुम्ही आधी पोचा. आणि हे बघा, तिथे तिच्यावर आवाज चढवायचा नाही. एक शब्द नाही. ऐकताय?”

“ऐकतोय.”

दुकान काकूंवर सोपवून दोघं निघाली. टिंबूला घरी थांब म्हणायचं बाबांना सुचलं नाही, आणि तिनेही आठवण करून दिली नाही. मैदानावर मुलं खेळत होती, कुणीतरी चेंडू मारल्यावर टाळ्या पडल्या. एवढ्या उजेडात, एवढ्या माणसांत, कुणाला काही माहीत नव्हतं. बाबा इतक्या भराभर चालत होते की टिंबूला पळावं लागत होतं. निळ्या काचांच्या जिन्यात सगळंच निळं दिसत होतं, बाबांचे हात, तिचे स्वतःचे पाय. मजल्यागणिक गाण्याचा धबधब आवाज वाढत गेला.

बाबांनी घंटी दाबली. गाणं थांबलं. आत कुजबुज झाली. दार उघडलं ते अर्धंच, आणि तो फळांच्या गोळ्यांचा वास बाहेर आला.

“काका?” कॅप्टनचे डोळे लाल होते, पण हसू जागच्या जागी होतं. “तुम्ही इथे कसे?”

“माझी मुलगी कुठे आहे?”

“आहे ना. जरा पडलीय.” त्याने आवाज खाली आणला. “काका, मला सांगायला बरं नाही वाटत, पण तिने आज जास्तच घेतली. मी किती अडवलं! पिक्चरही राहिला. तुम्ही आत्ता तिला बघू नका, तिलाच लाज वाटेल. शुद्धीवर आली की मी आणतो घरी.”

बाबांचे कान लालबुंद झाले. जन्मभर ते लोकांच्या घरांत काचा बसवत आले होते, पण ‘या’ म्हटल्याशिवाय कुणाचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नव्हता. ते तिथेच उभे राहिले, मुठी वळून. आणि आतून ताईचा आवाज आला. जड, ओला, तिचा नसल्यासारखा.

“बाबा… मी ठीक आहे. तुम्ही जा.”

“ऐकलंत ना?” कॅप्टन म्हणाला, आणि त्याने चौकटीवर आडवा हात ठेवला.

तो हात मोठ्या माणसाला अडवण्याएवढा उंच होता. टिंबू त्याच्याखालून आत शिरली.

“ए! ए पोरी!”

आत पडदे ओढलेले होते. सोफ्यावर दोन मुलं बसली होती, एकाच्या हातात फोन. तिला पाहून दोघं उगीचच सरळ बसली. ताई जमिनीवर होती, भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन. केस तोंडावर आले होते. तिने टिंबूला पाहिलं आणि जोरजोराने मान हलवली.

“तू कशाला आलीस? जा इथून. जा ना!”

टिंबू ताईशेजारी बसली आणि तिच्या कानाशी बोलली. “मी बाबांना सांगितलं.”

“काय सांगितलंस?”

“सगळं.”

“पिण्याचं?”

“पिण्याचंपण.”

ताईने तोंडावरचे केस बाजूला केले. “मग?”

“मग काय? ते आलेत.”

ताईने दाराकडे पाहिलं. बाबांनी चौकटीवरचा तो हात बाजूला सारला होता आणि ते आत येत होते. त्यांनी आवाज चढवला नाही. कॅप्टन काहीतरी बोलत होता, व्हिडिओ, पोलिस, बदनामी असले शब्द मधूनमधून येत होते, पण ताई आता त्याच्याकडे बघत नव्हती.

ताईच्या चपला सोफ्याखाली गेल्या होत्या. टिंबूने पालथं पडून त्या ओढून काढल्या. मग तिने ताईचा एक पाय आपल्या मांडीवर घेतला. बक्कल घट्ट होतं, दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा लागलं. तिने ताईकडे न बघता दुसऱ्या पायासाठी हात पुढे केला.